गांडूळशीर्षनिर्णय

नागपूरच्या नावात नाग, नदीच्या नावात नाग, हिवाळी अधिवेशनाला मंत्रिमंडळी उतरतात त्या नागभवनातही नाग. गांडुळाच्या नावाने शहरात एखादा चौक असल्याचे मात्र ऐकिवात नाही, आणि चौकांना नावे देण्यात नागपूरकर कधी कंजूष नव्हते. नाग उंदीर खातो, हे मान्य. पण माती कोण खाते? डार्विनने 1881 साली गांडुळांवर अख्खा ग्रंथ लिहिला आणि इंग्लंडात कित्येक ठिकाणी एकरी दहा टनांहून जास्त माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून वर येते, असा हिशेब मांडला. नागावर त्याने इतकी शाई खर्च केली नाही.

नागपंचमीचेच पाहा. त्या दिवशी चिरू नये, कापू नये, खणू नये, नांगर धरू नये. आता श्रावणात फावड्याच्या पात्याखाली येते कोण? नाग तर फावडे दिसताच निघून जातो. मे महिन्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात तेव्हा खोल जाऊन वेटोळे करून निजलेले गांडूळ मृगाच्या सरींनी वर आलेले असते आणि श्रावणात ऐन ओल्या थरात वावरत असते. खणणे-कापणे बंद ठेवल्याचा खरा लाभार्थी तेच. दूध आणि लाह्या दुसऱ्याला जातात, हा भाग वेगळा.

उरलेल्या दिवसांत मात्र गांडूळ कापले जातेच, आणि तिथून आमच्या प्रबंधाचा मूळ प्रश्न सुरू होतो. आमच्याकडे गुलाबाच्या वाफ्यात काम करणाऱ्या माळीबुवांचा पूर्वपक्ष असा : "तुटलं तं तुटलं, दोन झाले ना जी!" बी.एस्सी. झालेले शेजारीही याच मताचे आहेत. कमलाकरभट्टांनी 1612 साली निर्णयसिंधू रचला, त्यात अशौचापासून श्राद्धापर्यंत सगळ्याचा निकाल आहे. पण एका गांडुळाची दोन झाली तर वडील कोण आणि सातबारा कुणाच्या नावे, याचा नाही. ती उणीव भरून काढणे भाग आहे.

वाफ्याशी उकिडवे बसून पाहिले तर असे दिसते : पात्याने दोन झालेल्या गांडुळाचा पुढचा तुकडा क्षणभर आखडतो आणि गुपचूप मातीत शिरू लागतो. मागचा तुकडा जागच्या जागी जोरात वळवळतो, उसळतो, पिळे घेतो. बघणाऱ्याची सगळी सहानुभूती याच्याकडे जाते. जगतो बहुधा पहिला.

कारण शेपूट उगवणे सोपे आणि डोके उगवणे कठीण. जखमेच्या कडा आवळल्या जातात, शरीरातल्या पोकळीतल्या फिरत्या पेशी तिथे गर्दी करून बूच बसवतात, आणि मग अंगाची बारीक, फिकट, नवी कडी एकामागून एक फुटू लागतात. खताच्या टाक्यातल्या आयसेनिया फेटिडाला शंभराच्या आसपास कडी असतात, आणि नवे शेपूट मूळ संख्येच्या जवळ आले की वाढ थांबते. हा हिशेब कोण ठेवते? अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ गेर्डनर मोमेंट यांनी अंगातल्या विजेच्या दाबाशी त्याचा संबंध जोडला होता. रीडिंग घ्यायला कुणी येत नसतानाही मीटर बरोबर चालतो, हे नागपूरकराला पटणे अवघड आहे.

डोक्याची गोष्ट न्यारी. रंगूनला बरीच वर्षे गांडुळांत घालवलेले जी. ई. गेट्स यांनी 1949 साली आयसेनियाचे प्रयोग छापले. काप पहिल्या वीस-बावीस कड्यांच्या आत असेल तर नवे डोके येण्याची आशा. मागे सरकावे तशी ती मावळते. त्याच्याही आधी टी. एच. मॉर्गन (पुढे 1933 साली गुणसूत्रांसाठी नोबेल मिळालेले) यांना फार मागे कापलेल्या तुकड्यांत आणखी चमत्कारिक प्रकार दिसला होता : डोक्याच्या जागी दुसरे शेपूटच उगवते. दोन्हीकडे शेपूट, तोंड कुठेच नाही. असा जीव काही काळ हलतो-डुलतो आणि उपाशी मरतो. माळीबुवांच्या 'दोन झाले'मधला दुसरा हा.

आता नागपूर. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची ही जुनी राजधानी. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेत तिचे डोके उडाले. 1953 च्या नागपूर कराराने तशी सोय आधीच लावून ठेवली होती : वर्षातून काही काळ सरकार इथे बसेल, निदान एक अधिवेशन इथे होईल. त्यामुळे दर डिसेंबरात सिव्हिल लाइन्सच्या बुडख्याला एक शीर्ष फुटते. रस्त्यांवर पांढरे पट्टे येतात, रविभवनाला रंग लागतो, रामगिरीवर दिवे लागतात, फाइली ट्रकने येतात, आणि मोर्चे मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडतात. (वळवळीबद्दल वर लिहिलेच आहे.)

हे पुनरुत्पन्न डोके म्हणावे की बाहेरून शिवलेले ठिगळ? निर्णयासाठी गांडुळाच्या रोगप्रतिकाराकडे वळावे लागते. त्याच्या अंगी प्रतिपिंडे नाहीत, तरी आपले-परके बरोबर कळते. पोकळीतल्या पेशी जंतू गिळतात. न गिळवणारा ऐवज गुंडाळून तपकिरी गोळे करतात. डिवचले की आयसेनिया पाठीवरच्या भोकांतून पिवळा, घाणेरड्या वासाचा द्रव सोडते, आणि त्यातले लायसेनिन नावाचे प्रथिन तांबड्या रक्तपेशी फोडते. 1960 च्या दशकात जीवशास्त्रज्ञ एडविन कूपर यांनी गांडुळांवर कातडीची ठिगळे लावली. स्वतःचे ठिगळ रुजले. परक्या जातीचे सुजले, पांढरे पडले, झडले. आणि तसेच पुन्हा लावले तर पहिल्यापेक्षा लवकर झडले.

ही कसोटी लावली की निकाल उघड आहे. जुनी माणसे लांबलचक अधिवेशनांच्या आठवणी काढतात. 2024 चे अधिवेशन 16 डिसेंबरला बसले आणि 21 ला उठले. वारंवार लावलेले ठिगळ दर खेपेस लवकर झडते, असा हा शुद्ध परकेपणाचा पुरावा.

एक अडचण तेवढी राहते. थंडीत गांडूळ ठिगळ सावकाश झटकते, असेही त्याच प्रयोगांत दिसले आहे. मग पारा दहाच्या आसपास रेंगाळणाऱ्या नागपुरात सहा दिवसांत कसे आटोपते? एक मत असे की ठिगळालाच थंडी सोसत नाही. पुढच्या डिसेंबरात आत बसून निरीक्षणे घेण्याचा विचार आहे. पण प्रेक्षक गॅलरीचा पास हवा, आणि ओळखीचा आमदार नाही.