रंगपारखी

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कोरेगाव भीमा मागे पडून शिक्रापूर अद्याप यावयाचे असते, तेवढ्यात सणसवाडी लागते. आणि ज्या गावाच्या सातबाऱ्यावर पूर्वी बाजरीचीच काय ती नोंद असावयाची, त्या गावाला कारखानदारीने रोजगार, भाडेकरू व वाहनांची कोंडी या तीन सर्वपरिचित देणग्यांखेरीज जी चौथी देणगी दिली, तिची दखल अद्याप कोणत्याही सरकारी दप्तराने घेतलेली नाही. ती देणगी म्हणजे रंगपारखी. उमेदीची वर्षे कोणत्या ना कोणत्या पेंट शॉपमध्ये स्प्रे गन हाती धरून काढलेला, स्वतः निवृत्त झालेला, पण ज्याची नजर मात्र अजून पाळीवर हजर आहे, असा हा गृहस्थ या पट्ट्यात दर दोन आळ्यांआड एक तरी आढळतो.

दाराशी आलेल्या पाहुण्याचे क्षेमकुशल विचारण्यापूर्वी तो पाहुण्याच्या मोटारीच्या दाराकडे डोळा बारीक करून तिरपे पाहतो, पत्र्यावरून बोटाची पाठ फिरवतो आणि मग घरातल्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणतो, “डावं दार मागाहून रंगवलंय.” पाहुण्याने तो अपघात सासुरवाडीपासून लपवून ठेवलेला असला, तर त्याला इलाज नाही. लग्नमंडपात इतर लोक वधूवरांकडे पाहत असता हा मांडवाच्या खांबावरचे ओघळ मोजतो. आणि रंगाच्या पृष्ठावर संत्र्याच्या सालीसारखा जो खरखरीतपणा कधी कधी उमटतो, तो त्याच्या मते मनुष्यस्वभावातील यच्चयावत दोषांचे मूळ आहे, कारण ज्याने गन योग्य अंतरावर धरली नाही, तो संसारात तरी कोणते अंतर पाळणार?

स्वतःच्या घरी त्याने परक्या रंगाऱ्याला कधी पाऊल ठेवू दिलेले नाही. पाण्याची टाकी, देवघर, कणगी, मुलाची मोटारसायकल आणि फाटक हे सर्व त्याने स्वहस्ते रंगवले असून त्याविषयीचा त्याचा दस्तूर ठरलेला आहे: लांबी भरून, पॉलिश पेपरने घासून, एक हात प्रायमरचा, दोन हात रंगाचे आणि एक हात आपल्या समाधानाचा. हा चौथा हात दर दिवाळीला नव्याने चढत गेल्यामुळे फाटकाची जाडी अशी वाढली की, त्याची कडी कोयंड्यात बसेना आणि बिजागऱ्या दर पावसाळ्यात खाली वाकू लागल्या. पण वस्तूवर माया किती, हे थरांवरूनच समजते, अशी त्याची श्रद्धा होती.

अशा या गृहस्थाच्या आयुष्यात विमानाचा प्रवेश झाला. 2016 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताहाचे प्रदर्शन भरले होते, आणि कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने कांदिवलीतील एका इमारतीच्या गच्चीवर वर्षानुवर्षे खपून बांधलेले सहा आसनी विमान क्रेनने खाली उतरवून तेथे मांडण्यात आले होते. त्या विमानाची नोंदणी व्हावयास पुढे 2017 चा नोव्हेंबर उजाडला. तोवर अवघ्या महाराष्ट्राने ते उडेल काय, सरकार परवानगी देईल काय, जिन्यावरून सामान कसे वर नेले, असे नाना प्रश्न उपस्थित केले. आमच्या रंगपारख्याने दूरचित्रवाणीसमोर बसून एकच प्रश्न केला, “रंग कुठं दिला?”

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. गच्ची म्हणजे वारा, वारा म्हणजे धूळ, आणि मुंबई म्हणजे समुद्राची दमट हवा. ओल्या रंगावर बसलेला एक डास साऱ्या पंखाची अब्रू घालवतो, हे ज्याने सोसले आहे त्यालाच कळणार. जमिनीवर पाण्याचा सडा मारून धूळ बसवावी, पहाटे वारा उठण्यापूर्वी काम उरकावे, हा त्याचा सल्ला जगभरचे हौशी विमानकर्ते पाळतात तोच आहे. किंबहुना घरच्या घरी विमान बांधणाऱ्या माणसाची गोष्ट अशी की, रिव्हेट किती, सांध्यांची ताकद किती, गुरुत्वमध्य कोठे, हे पाहण्याचा अधिकार कोणाही येणाऱ्याजाणाऱ्याला नसतो. रंगाविषयी मात्र दूधवाल्यासह प्रत्येकाला कायमचे मत असते, आणि म्हणून वर्षानुवर्षे खपलेल्या कारागिराची परीक्षा शेवटी शेवटच्या आठवड्यातील कामावरून होते.

रंगपारख्याने त्या विमानाला मनोमन दत्तक घेतले व रंगाची तजवीजही सिद्ध केली. सणसवाडीतच जॉन डिअरचा ट्रॅक्टरचा कारखाना असल्यामुळे, हिरवे अंग आणि पिवळी चाके यांहून भारदस्त रंगसंगती विधात्यालाही सुचलेली नाही, असे त्याचे ठाम मत. तेव्हा धड हिरवे, पंख पिवळे, शेपटीवर उगवता सूर्य, नाकावर लिंबू-मिरची आणि दोन्ही कुशींवर, नगर रस्त्यावरील मालमोटारींच्या पाठीवर असते तशा छायांकित वळणदार अक्षरांत, ‘ग्रामदैवत प्रसन्न’. हात अर्थातच चार.

या मसलतीवर पाणी पडले ते त्याच्या पुतण्याकडून. हा मुलगा विमानदुरुस्तीचे शिक्षण घेत होता आणि सुटीत घरी आला होता.

“तात्या,” तो म्हणाला, “विमानाचा कायदा अक्षरांना नक्षी लावू देत नाही.” आणि ते खरे होते. नोंदणीची अक्षरे साध्या रोमन मोठ्या लिपीत, विनाअलंकार असावीत, पंखावर निदान 50 सेंटीमीटर आणि धडावर निदान 30 सेंटीमीटर उंचीची असावीत, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. आपल्या देशाची ‘व्हीटी’ ही खूण तर इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली. छाया नाही, वेल नाही, कमळ नाही. रंगपारख्याने हा हुकूम दुःखाने मान्य केला. पांढरा रंग का पसंत करतात, तर काचतंतू आणि राळेचे विमान गडद रंगाने उन्हात तापते व राळ मऊ पडू लागते, हेही त्याने ऐकून घेतले. दुहेरी पॉलियुरेथेन रंगातील हार्डनरची वाफ फुप्फुसाला बाधते म्हणून बाहेरची शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो, हे ऐकून मात्र त्याने आजवर नाकाला बांधलेल्या उपरण्याकडे पाहिले आणि विषय बदलला. धडाच्या कुशीवर एक टाचणीएवढे छिद्र असते, त्यातून बाहेरच्या हवेचा दाब उंची आणि वेग दाखवणाऱ्या यंत्रांना कळतो, ते रंगाने बुजता कामा नये. 1996 साली पेरू देशात धुण्यापुसण्याच्या वेळी अशाच छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढावयाची राहिली आणि 70 माणसे प्राणास मुकली, हे पुतण्याने सांगितले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मास्किंग टेप त्याच्या धर्माचा भाग होता.

पण खरा आघात पुढेच होता. “आणि तात्या, चार हात नाही चालणार. रंग म्हणजे वजन.”

रंगाला वजन असते, ही गोष्ट इतक्या वर्षांच्या सेवेत त्याला कोणी सांगितली नव्हती. रंग डब्यात असतो तोवर जड, पत्र्यावर चढला की शोभा, इतकेच त्याला ठाऊक. पुतण्याने हिशेब मांडला. हलक्या क्रीडाविमानाचे माणसे व इंधनासह एकंदर वजन कित्येक देशांत 600 किलोंच्या आत ठेवावे लागते. त्यात रंगानेच दहा किलो खाल्ले, तर तेवढे इंधन तरी उतरवावे लागते, नाहीतर वैमानिकाने जेवण तरी सोडावे. अमेरिकेच्या अवकाशयानाची ती अवाढव्य बाहेरची टाकी 1981 मधील पहिल्या दोन उड्डाणांत पांढरी रंगवलेली होती. मग रंगच गाळून टाकला आणि सुमारे 270 किलो वाचले, म्हणून पुढे ती जन्मभर नारिंगी-तपकिरी, बिनरंगाची राहिली.

“बिनरंगाची?” असे त्याने जे विचारले, त्या स्वरात एखाद्या घरची मुलगी बिनहळदीची बोहल्यावर चढल्याची वार्ता ऐकल्याचा विषाद होता.

शेवटचा मुद्दा बिजागरीचा. पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारी जी फळी विमानाला कलते करते, तिचा तोल बिजागरीच्या पुढे-मागे काटेकोर सांभाळलेला असतो. रंगाचा अधिक थर बहुतेक मागच्या बाजूसच बसतो, फळी शेपटीकडे जड होते, आणि ठरावीक वेगापलीकडे ती फडफडू लागली म्हणजे काही क्षणांत पंखाचेही तुकडे होऊ शकतात. म्हणून रंग दिल्यावर ती फळी उतरवून पुन्हा तोलावी लागते. हे ऐकून रंगपारखी उठला, अंगणात गेला आणि आपल्या फाटकाकडे, त्याच्या वाकलेल्या बिजागऱ्यांकडे पाहत उभा राहिला.

त्या दिवसापासून त्याची वृत्ती पालटली. आता शेजाऱ्याच्या ट्रॉलीला रंग देताना तो डबा आधी तराजूवर ठेवतो व काम झाल्यावर पुन्हा ठेवतो. लग्नाच्या गाडीवर चिकटवलेल्या थर्माकोलच्या नक्षीकडे पाहून “विनाकारण बोजा” असे पुटपुटतो. आणि कोणी मोटारीवर तिसरा हात मागितला, तर त्याची अवकाशयानाच्या टाकीची हकिकत ऐकल्यावाचून सुटका नाही. फाटक तर त्याने लोखंडापर्यंत खरवडून काढले आणि नुसत्या प्रायमरवर ठेवले. दोन दिवाळ्या गेल्या, तरी लाल प्रायमरच. शेवटी मालकिणीचा संयम संपला.

“आवं, आल्यागेल्यापुढं लाज वाटती. काय त्ये फाटक उडवायचंय व्हय?”

“उडवायचं न्हाई,” तो गंभीरपणे म्हणाला, “पन बिजागरीवर हलतंय का न्हाई ते?”