पाहू!

यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनच्या जमिनीखाली कोळसा आणि चुनखडी आहे. ही खनिजं पळून जात नाहीत, म्हणून खाणवाल्यांना नि सिमेंटवाल्यांना कैक वर्षांचे आराखडे बांधता येतात. त्याच जमिनीवर कपाशी लावणाऱ्याला पुढच्या आठवड्याचाही भरवसा नसतो. जूनमध्ये कुणालाही विचारा, "यंदा काय पेरता?" उत्तर ठरलेलं: "पाहू!" पुण्याच्या आयटीत याच 'पाहू'साठी मीटिंगा होतात, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लागतात आणि त्याला लवचीक रोडमॅप म्हणतात.

इथला रोडमॅप नक्षत्रांवर चालतो. मृगात साधलं तर उत्तम, नाहीतर आर्द्रा आहेच. पाऊस जुलैत लांबला की मूग-उडदाचं नाव मुकाट्याने गळतं.

प्रयोगही होतात. सोयाबीनचं घरचं बियाणं असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ओलावा टिकवायचा. सत्तर उगवले की पेरायला मोकळे. थोडे कमी भरले तर एकरी बियाणं वाढवायचं. हे आधीच करावं लागतं. सॉफ्टवेअरवाला रात्रीतून जुनी आवृत्ती परत आणतो. मातीत गेलेलं बी वेचून आणता येत नाही. म्हणून कृषी खातं सांगतं, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. पण शेजारच्या वावरात कुणी सरकी टोबताना दिसलं की तो सल्ला धुऱ्यावरच राहतो. मग पावसाने दडी मारली की दुबार पेरणी, आणि पुन्हा कृषी केंद्राची उधारी.

असाच आणखी एक सल्ला धुऱ्यावर राहिला. 2002 मध्ये बीटी कपाशी आली. पाकिटासोबत बिगर-बीटी सरकीची 120 ग्रॅमची वेगळी पुडी असायची. ती कडेने लावायची, म्हणजे बोंडअळीला तिथे चरता येईल आणि बीटी पचवायला ती लवकर शिकणार नाही. अळीसाठी मुद्दाम पंगत मांडायची, हे कुणाच्या गळी उतरणार? पुडी बहुतेकांच्या घरी पडून राहिली. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने यवतमाळ जिल्ह्यातही बोंडं पोखरली. पुडी न लावणं हे त्यामागचं एकमेव कारण नव्हतं, पण एक नक्कीच होतं. पुढे ते बी पाकिटातच मिसळून येऊ लागलं. सल्ला देत बसण्यापेक्षा हे बरं!

तुरीसाठी मात्र कुणाला पुडी द्यावी लागली नाही. पऱ्हाटीची सहा-आठ तासं झाली की एक तास तुरीचं, हे बापजाद्यांपासून चालत आलंय. कपाशी गेली तर तूर हाताशी, तूर गेली तर कपाशी. दोन्ही गेली तर वरण जरा पातळ.