आडात किती वॅट?

ठाण्यातल्या कोलशेत रोडवर एके काळी कारखाने होते. क्लॅरियंटच्या रसायनांच्या कारखान्याच्या जागेवर आता टॉवरांची वसाहत उभी आहे. खाडीच्या बाजूचं जुनं गावठाण मात्र आपल्या जागी आहे. या दोहोंच्या मध्ये राहणाऱ्या माणसाला आवाजाबद्दल ठाम मतं असतात, कारण गावठाणात हळद असली की डीजेचा बास अकराव्या मजल्यावरच्या ताटाळ्यापर्यंत पोचतो. अशाच एका अकराव्या मजल्यावर, सगळी सोसायटी ज्यांना नुसतं ‘काका’ म्हणते, ते निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांना नवा ॲम्प्लिफायर घ्यायचा आहे.

या खरेदीचं मूळ त्या हळदीतच आहे. पूर्वी डीजेवाल्यांचा ॲम्प टेम्पोतून उतरवायला दोन पोरं लागायची. आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर आणि मागे ॲल्युमिनियमचे भलेमोठे हीटसिंक. आता तेवढ्याच ताकदीचा डबा एकटा पोरगा काखेला मारून नेतो, हे काकांनी बाल्कनीतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्या घरातला जुना ॲम्प मात्र दिवाळीच्या साफसफाईत हलवायचा म्हटलं की आधी कंबर नाही म्हणते. शिवाय तो इतका गरम राहतो की थंडीत काकू त्याच्यावर विरजण ठेवतात. दही उत्तम लागतं, पण त्यासाठी वर्षभर ॲम्प सांभाळायची काकूंची तयारी नाही.

“काका, क्लास डी घ्या,” डोंबिवलीचा पुतण्या म्हणाला. “एवढासा डबा, तापत नाही, वीज कमी खातो.”

“म्हणजे स्विच चालू-बंद करून भीमसेन ऐकायचे?”

काकांची शंका अगदीच वावगी नव्हती. नेहमीच्या क्लास एबी ॲम्पमध्ये ट्रान्झिस्टर बहुतेक वेळ अर्धवट उघडा असतो आणि जी वीज स्पीकरपर्यंत जात नाही ती उष्णता होऊन विरजणाला लागते. क्लास डीमध्ये ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. सूर जसा चढेल-उतरेल तसा चालू राहण्याचा वेळ कमीजास्त होतो. सोसायटीचा पंपही असाच, एक तर चालू नाहीतर बंद. तरी नळाला पाणी एकसारखं येतं, कारण मध्ये टाकी असते. इथे टाकीचं काम एक कॉइल आणि एक कपॅसिटर यांचा फिल्टर करतो. फक्त हा पंप सेकंदाला चार-पाच लाख वेळा चालू-बंद होतो आणि त्यासाठी वॉचमनला हाका माराव्या लागत नाहीत. पूर्ण ताकदीने वाजताना नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरला पोचते.

कल्पना नवी नाही. इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९६४ साली ‘एक्स-१०’ नावाचा क्लास डी ॲम्प सुट्या भागांत विकायला काढला. जाहिरात दहा वॅटची होती, प्रत्यक्षात तेवढे निघत नसत. तेव्हाचे ट्रान्झिस्टर इतक्या घाईचे नव्हते. पुढे फिलिप्समध्ये असताना ब्रूनो पुटझाइस या बेल्जियन अभियंत्याने फिल्टरच्या पलीकडून, म्हणजे थेट स्पीकरच्या तोंडाशी, चूक तपासून दुरुस्त करणारी रचना केली. त्यातून नेदरलँड्सच्या हायपेक्सचे आणि नंतर डेन्मार्कच्या प्युरिफायचे मॉड्यूल आले, आणि क्लास डीकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांची पंचाईत झाली.

पुतण्याने मग काकांच्या खिशातल्या मोबाइलकडे बोट दाखवलं. त्याच्या स्पीकरमागेही क्लास डी, भिंतीवरच्या टीव्हीत क्लास डी, नातीच्या ब्लूटूथ स्पीकरमध्ये तेच. रोज पहाटे फिरताना काका ज्या भीमसेनांना दाद देत होते तेही त्यातूनच येत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

तत्त्व पटलं, तरी प्रश्न उरला तो वॅटचा. १९९०च्या दशकात ज्याने टू-इन-वन विकत घेतला, त्याला आकड्यांचा हा रोग जुना आहे. सहा सेलवर चालणाऱ्या डब्यावर ‘पीएमपीओ १००० वॅट’ छापलेलं असायचं. तेवढ्यावर इस्त्री चालली असती. पीएमपीओ गेलं, हौस राहिली. आता मुठीएवढ्या चिनी डब्यावर ‘३०० अधिक ३०० वॅट’ लिहिलेलं असतं आणि आकड्याच्या खाली तारका काढलेल्या असतात.

पुतण्याने कागद घेतला. काकांचे स्पीकर ८७ डेसिबलचे, म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर ८७ डेसिबल आवाज. हॉलमध्ये तीन मीटरवर सोफा, स्पीकर दोन. कानाशी ऐंशीच्या आसपास. काका ऐकतात सत्तरला. दहा डेसिबल कमी म्हणजे वीज एक दशांश. सरासरी झाली वॅटचा दहावा भाग! तबल्याची थाप त्याहून वीस डेसिबल वर गेली तर शंभर पट, म्हणजे दहा वॅट. शंभराचे दोनशे वॅट केले तरी आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल. त्यात २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शेजारच्या आजोबांना नियम पाठ आहेत.

“मग सहाशे वॅट कशाला लिहितात?” काकूंनी विचारलं. याचं उत्तर पुतण्याने पारखायला डोंबिवलीहून आणलेल्या स्वतःच्या डब्यावर नव्हतं, त्याच्या अडॅप्टरवर होतं. पुतण्याने तो उलटा केला आणि चष्मा वर सरकवून बारीक अक्षरं वाचली: ३२ व्होल्ट, ५ अँपिअर. गुणाकार १६० वॅट. म्हणजे भिंतीकडून १६० घ्यायचे आणि स्पीकरला ६०० द्यायचे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आतली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३२५५ ही चिप चार ओहमच्या स्पीकरला खरोखरच तीनशेवर वॅट देते, पण त्यासाठी तिला पन्नासहून जास्त व्होल्ट लागतात, आणि तो आकडा दहा टक्के विकृती धरून मोजलेला असतो. ३२ व्होल्टवर आठ ओहमच्या स्पीकरला साठच्या घरात वॅट मिळतात. ४८ व्होल्टवर शंभराच्या वर.

 मग पुतण्याने तो डबा स्वयंपाकघराच्या ओट्यावर, काकूंच्या जुन्या ट्रान्झिस्टरशेजारी ठेवून चालू केला. काकूंची अस्मिता वाहिनी लागते मध्यम लहरींवर, ५५८ किलोहर्ट्झला. बातम्यांच्या जागी कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज आला. यात गूढ काही नाही. ही चिप साडेचारशे, पाचशे किंवा सहाशे किलोहर्ट्झने चालू-बंद होते, म्हणजे अस्मिताच्या दारातच; शिवाय अडॅप्टरही आपला वाटा उचलतो. रेडिओशी टक्कर टाळता यावी म्हणूनच चिपवाल्यांनी तीन पर्याय दिलेत. डबा हॉलमध्ये नेला, स्पीकरच्या तारा आखूड केल्या, आणि निवेदिका परत आली. काकूंनी लगेच मत दिलं: “अहो, हा चालेल. पण ओट्यापासून लांब.”

लॅमिंग्टन रोडला जाऊन काकांनी हायपेक्सचं मॉड्यूल बसवलेला ॲम्पही ऐकला. मोजमापात तो सरस आहे. पण दहा वॅटपुढे न जाणाऱ्या हॉलमध्ये तो फरक शोधायला शांतता लागते, आणि कोलशेतमध्ये ती मिळालीच तर लिफ्टचा दरवाजा वाजतो. शेवटी टीपीए३२५५वाला डबा ठरला; मात्र फिल्टरनंतर फीडबॅक, म्हणजे चूक तपासून दुरुस्त करणारी ती रचना, असलेला. तो नसला तर स्पीकर बदलला की वरच्या पट्टीचा तोलही थोडा बदलतो. सोबत ४८ व्होल्टचा, बीआयएसचा नोंदणी क्रमांक असलेला अडॅप्टर. वाचलेले पैसे नव्या स्पीकरला, कारण ऐकू येणारा मोठा फरक तिथेच पडतो.

क्लास डी घ्यायला निघालात तर दुकानदाराला वॅट विचारू नका. अडॅप्टर मागा, उलटा करा, व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करा. डब्यावरचा आकडा त्याहून मोठा निघाला, तर भाव तिथूनच पाडायला सुरुवात करा.