कक्ष आहे, कुलूपही आहे

विद्यापीठात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना किती मदत मिळते हे पाहायचं असेल, तर पाट्या मोजू नका. पाट्या भरपूर असतात. समुपदेशन कक्ष, रोजगार कक्ष, समान संधी कक्ष, तक्रार निवारण कक्ष, महिला कक्ष, रॅगिंगविरोधी कक्ष. पाट्या वाचून झाल्या की आतली माणसं मोजा.

पाट्या सहा. माणूस एक.

तो एक म्हणजे कुठल्या तरी विभागातले सर. त्यांचे स्वतःचे तास, स्वतःचे संशोधक विद्यार्थी, विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची फाईल आणि वर हे सहा कक्ष. समन्वयकपद ही आपल्याकडे नेमणूक नसते, शिक्षा असते. नॅकची समिती आली की सहाही कुलपं उघडतात. आपल्यासाठी इथे एवढं सगळं होतं, हे विद्यार्थ्यांनाही त्याच दिवशी कळतं.

आता आपल्या भागाकडे या. बिदर-कलबुर्गी उच्च शिक्षणात मागे, असं म्हणायची सगळ्यांना सवय आहे. पण विद्यापीठं कमी आहेत का? गुलबर्गा विद्यापीठ १९८० चं. कडगंचीचं केंद्रीय विद्यापीठ २००९ चं. बिदरला पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, कलबुर्गीत शरणबसव हे खासगी विद्यापीठ आहे, आणि आता बिदर जिल्ह्याला स्वतःचं वेगळं विद्यापीठही मिळालं आहे. एवढं असून औरादच्या पोराला पीएच.डी.चा फॉर्म कसा भरायचा, हे सांगतो कोण?

बसस्टँडसमोरचा झेरॉक्सवाला.

त्याच्याकडे चलानाचा नमुना आहे, प्रतिज्ञापत्राचा नमुना आहे, फोटोची मापं तोंडपाठ आहेत. शिवाय तो ‘उद्या या’ म्हणत नाही. म्हणूनच त्याला विद्यापीठात नोकरी मिळाली नसावी.

‘उद्या या’वरून आठवलं. नव्वदच्या दशकात कर्नाटकात घराच्या दारांवर ‘नाळे बा’ लिहिलेलं असायचं. उद्या ये. रात्री हाक मारणारं भूत म्हणे ते वाचून परत जायचं. दारांवरचा खडू केव्हाच पुसला गेला. कचेऱ्यांच्या खिडक्यांवरचा अजून शाबूत आहे. संशोधक विद्यार्थी रोज येतो, वाचतो, परत जातो. फरक इतकाच, की भुताला फेलोशिपची मुदत नसते.

मुदतीचं पुढे बघू. आधी रक्कम. नेट-जेआरएफ असाल तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार. ते नसेल, पण केंद्रीय विद्यापीठात पीएच.डी. करत असाल, तर महिना ८ हजार. हा आकडा २०१२ पासून जागचा हललेला नाही. त्या वर्षी जन्मलेली पोरं आता हायस्कुलात आहेत. आठ हजार अजून बालवाडीत.

आणि तेच संशोधन राज्याच्या विद्यापीठात करत असाल, तर यूजीसीचे हे आठ हजारही नाहीत. योजना फक्त केंद्रीय विद्यापीठांपुरती. कडगंचीच्या फाटकावर आठ हजार, आळंद रस्त्याने बसमध्ये बसून कलबुर्गीला उतरलात की शून्य. विषय तोच, ग्रंथ तेच, भूकही तीच. रुपया घसरतो म्हणून ओरडणाऱ्यांनी एकदा या रस्त्याने प्रवास करावा.

राज्य सरकारची दानत वेगळीच. युवा निधी योजनेत पदवीधर बेरोजगाराला महिना तीन हजार, जास्तीत जास्त दोन वर्षं. एक अट अशी: पुढचं शिक्षण घेत असाल तर अपात्र. म्हणजे बी.ए. होऊन कट्ट्यावर बसलात, तर तीन हजार. एम.ए.च्या वर्गात बसलात, तर काही नाही. प्रवेश परीक्षा नाही, हजेरी नाही आणि विद्यावेतन मात्र आहे, असा अभ्यासक्रम सध्या कट्ट्यावरच चालतो.

तरी एक योजना चालते, हे कबूल करू. जून २०२३ पासून बाईला राज्याच्या साध्या बसमध्ये भाडं नाही. भालकीची मुलगी आधार दाखवते, शून्य रुपयाचं तिकीट घेते आणि कलबुर्गीच्या ग्रंथालयात जाते. अर्ज नाही, शिफारस नाही, विभागप्रमुखाची सही नाही. हे जमलं कसं?

सोपं आहे. ती योजना विद्यापीठाकडे नाही.

विद्यापीठाकडे आणि सरकारकडे जे आहे, ते पोर्टल. प्रवेशाला आणि परीक्षेला यूयूसीएमएस, स्कॉलरशिपला एसएसपी. दोन्ही नावं उच्चारेपर्यंत सर्व्हर डाऊन होतो. मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना एखादं अक्षर वाटेत वाढतं. आधारवर एक स्पेलिंग, मार्कलिस्टवर दुसरं, बँकेत तिसरं. त्या एका अक्षरापायी वर्षाची स्कॉलरशिप अडकते. समोर उभा असलेला माणूस पोर्टलला ओळखू येत नाही, यात पोर्टलचा दोष नाही. त्याला डोळे नाहीत.

ज्याला डोळे आहेत तो म्हणतो, पोर्टलवर बघा.

दाखल्यांचं काय सांगावं? २०१२ च्या घटनादुरुस्तीने कलम ३७१-जे आलं. आपल्या भागातल्या उच्च शिक्षणात ७० टक्के जागा स्थानिकांना. कामाची गोष्ट आहे, यात वाद नाही. त्यासाठी कल्याण कर्नाटकाचे, म्हणजे आपल्या या भागाचे, असल्याचा दाखला काढा. जागा मिळते. जागेवर बसल्यानंतर पुढे काय, हे घटनेत लिहिलेलं नाही. आणि जे घटनेत नाही ते विद्यापीठ कशाला करील?

पलीकडे महाराष्ट्र. त्याचा कर्नाटकातल्या ८६५ गावांवर दावा आहे, खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात ठराव झाला, त्यात बिदर आणि भालकी नावानिशी आहेत. तिकडच्या तांत्रिक शिक्षणाच्या प्रवेशात या गावांतल्या मुलांसाठी वेगळी सोयही आहे. त्यासाठी दाखले दोन. गाव वादग्रस्त सीमाभागात असल्याचा एक, आणि मातृभाषा मराठी असल्याचा दुसरा. आईची भाषा आईने सांगून भागत नाही. शिक्का लागतो.

म्हणजे एकाच प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये एक कागद म्हणतो, हा पोरगा कर्नाटकाचा. दुसरा म्हणतो, याच्या गावावर हक्क महाराष्ट्राचा. दोन-दोन राज्यं त्याला आपला म्हणतात. मेसचं बिल आलं की दोघांनाही ओळख पटत नाही.

पटेल कशी? दावा जमिनीवर आहे. पोरं सातबाऱ्यावर नसतात.

महाराष्ट्राला फार भाबडेपणाने बघू नका. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी सभागृहातच विचारलं होतं, पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार? प्रश्न रास्त आहे. आधी अभ्यासिकेतले लावा, मग बाकीच्यांचं बोलू.

आता मनाच्या आरोग्याकडे वळू, कारण सध्या सगळेच वळलेत. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमलं. जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवाच. आदेश स्पष्ट आहे. आमच्याकडे त्याचं पालनही तातडीने होतं. म्हणजे पाटी लागते.

समजा, माणूसही आला. बोलायचं कोणत्या भाषेत? पोरगी घरी मराठी बोलते, बाजारात दखनी, कचेरीत कन्नड आणि प्रबंध लिहिते इंग्रजीत. रात्री दोनला तिला रडू येतं, ते यांपैकी कोणत्याही भाषेत येऊ शकतं. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेला हे समजतं. त्यांच्या समन्वयाने चालणाऱ्या टेली-मानस हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरावर मराठीसकट वीस भाषांत बोलता येतं. बेंगळुरूला कळलेलं कलबुर्गीला कळायला किती वर्षं लागावीत?

तक्रार करा म्हणता? तीही सोय आहे. एप्रिल २०२३ चे यूजीसीचे नियम. प्रत्येक विद्यापीठात तक्रार निवारण समिती, तिच्या वर लोकपाल. समितीत प्राध्यापक असतात. विद्यार्थी प्रतिनिधीही असतो, पण ‘विशेष निमंत्रित’ म्हणून. स्वतःच्याच तक्रारीच्या मांडवात पाहुणा! तक्रार गाईडविरुद्ध असेल तर ती ऐकणार कोण? ज्यांच्याबरोबर गाईड रोज अकराला चहा घेतात, ते.

लोकपालाचं तर विचारूच नका. जून २०२४ मध्ये, म्हणजे नियम येऊन वर्ष उलटल्यावर, लोकपाल न नेमणाऱ्या देशभरातल्या १५७ विद्यापीठांची यादी यूजीसीने स्वतःच जाहीर केली. तक्रार ऐकायला माणूसच नेमलेला नाही, ही तक्रार आता कुणाकडे करायची?

मुदतीकडे येतो म्हणालो होतो. २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला सहा वर्षं, फेरनोंदणीने आणखी दोन. दर सत्रात सल्लागार समितीसमोर उभं राहून प्रगती सांगायची. ठीक आहे, शिस्त हवीच. पण गाईडने या सत्रात किती प्रकरणं वाचली, हे कुठल्या समितीसमोर सांगायचं असतं?

बाळंतपणाची रजाही नियमात आहे. २४० दिवस. उत्तम. ज्या मुलीला फेलोशिपच नाही, तिने रजा नेमकी कशावरून घ्यायची?

आणि घाई फक्त विद्यार्थ्यालाच. बिदर-कलबुर्गी ही ११० किलोमीटरची रेल्वे मंजूर झाल्यापासून धावेपर्यंत दोन दशकं गेली. २०१७ च्या ऑक्टोबरात उद्घाटन झालं. तिला कुणी सहामाही प्रगती अहवाल मागितला नाही, नोंदणी रद्द करतो म्हणून नोटीस दिली नाही. मुदतवाढीचा अर्ज तिने इंग्रजीत केला की कन्नडमध्ये, कुणास ठाऊक.

पूर्वी हे असंच होतं का? नव्हतं. १४७२ मध्ये बिदरला बहमनी सुलतानाचा वजीर महमूद गवान याने मदरसा उभारला. तीन मजली. विद्यार्थी आणि शिक्षक तिथेच राहत. तीन हजार ग्रंथ होते असं सांगतात. राहायला खोली, वाचायला पुस्तक आणि विचारायला शेजारच्याच खोलीत गुरू. यालाच हल्ली ‘एकात्मिक विद्यार्थी सहाय्य प्रणाली’ म्हणतात आणि तिच्यावर दोन दिवसांची कार्यशाळा घेतात.

विद्यार्थ्यांची एवढी सोय करणाऱ्या गवानचं पुढे काय झालं? १४८१ मध्ये सुलतानाने एका बनावट पत्रावरून त्याचा शिरच्छेद केला. पत्र खोटं, त्यावरचा शिक्का तेवढा खरा होता. आज बरोबर उलट आहे. विद्यार्थ्याचा अर्ज खरा असतो, शिक्का तेवढा मिळत नाही. डोकंही सगळ्यांचं शाबूत राहतं, कारण सोय करण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही.

नव्या बिदर विद्यापीठाचं नशीब मात्र जोरावर. २०२५ च्या सुरुवातीला राज्याच्या मंत्रिमंडळ उपसमितीने नव्या दहा विद्यापीठांपैकी नऊ गुंडाळावीत असं ठरवलं. पैसा नाही, माणसं नाहीत. बिदर तेवढं राहू द्या म्हणाले. जिल्ह्यात आनंद झाला. पण वाचलं म्हणजे चाललं का? नऊ बंद करायला जी कारणं सांगितली, ती दहाव्याच्या दारात येऊन थबकली असतील, यावर कुणाचा विश्वास आहे?

दर वेळी उपाय एकच सुचतो. आणखी एक विद्यापीठ, आणखी एक कक्ष, आणखी एक पोर्टल. विद्यार्थी मागतोय काय? बसस्टँडवरून विद्यापीठात आल्यावर समोर एक टेबल. टेबलामागे पूर्ण पगाराचा, पूर्ण वेळेचा एक माणूस. कन्नड, मराठी आणि दखनी तिन्ही येणारा. कोणता फॉर्म कुठे जातो, कोणत्या तारखेला पैसे येतात, हॉस्टेलची यादी केव्हा लागते, गाईडने छळलं तर पहिला अर्ज कुणाला, हे ठाऊक असलेला. फोन उचलणारा. आणि नॅकची समिती नसतानाही खुर्चीत सापडणारा.

खर्च? एका लिपिकाचा पगार. दीक्षान्त समारंभाच्या मांडवाला याहून जास्त पैसे लागतात.

इतकी स्वस्त, इतकी साधी मागणी मान्य का होत नाही, असं विचारू नका. टेबलामागे बसलेल्या माणसाचं उद्घाटन करता येत नाही. त्याच्याभोवती फीत बांधता येत नाही.