बिनविरोध पडण्याची कला

दर निवडणुकीआधी डहाणू-तलासरीत एक सुधारक उगवतो. त्याचं म्हणणं ठरलेलं. लाल बावटा मॉस्कोत उतरला, कोलकात्यात उतरला, तुम्ही अजून कशाला कवटाळून बसलात? काळाप्रमाणे बदला, जरा मोकळे व्हा, नाहीतर किल्ला ढासळलाच म्हणून समजा.

सल्ला सोन्यासारखा. फक्त तो ज्यांनी मनापासून पाळला, त्या मिखाईल गोर्बाचेव्ह यांचं पुढं काय झालं तेवढं सुधारक सांगत नाही. मार्च 1985 मध्ये साहेब सोव्हिएत पक्षाचे सरचिटणीस म्हणून गादीवर आले. आल्या आल्या दारूवर टाच आणली आणि तिजोरीला पडलेलं भोक मोजत बसले. मग म्हणाले, लोकहो, मनातलं बोला. लोक सत्तर वर्षांचं साठलेलं बोलायला लागले. 25 डिसेंबर 1991 ला साहेबांनी राजीनामा दिला, तेव्हा तो स्वीकारायला देशच उरला नव्हता.

त्या सगळ्या प्रकरणातला माझा आवडता माणूस मात्र दुसराच. युरी सोलोव्यॉव. लेनिनग्राड प्रांताचे पक्षप्रमुख. मार्च 1989 च्या निवडणुकीत यांच्यासमोर उमेदवारच नव्हता. पूर्वी तिथं एका नावाचा कागद पेटीत टाकला की मतदान उरकायचं. पडद्याआड जाणाराच संशयित ठरायचा. या वेळी लोक पडद्याआड गेले आणि असलेलं एकुलतं एक नाव खोडून आले. निवडून यायला निम्म्याहून जास्त मतं लागत. साहेब एकटे उभे राहिले आणि पडले. तेही लेनिनच्या नावाच्या शहरात! आपल्याकडे अशी भानगड नाही. समोरचे अर्ज मागे घेतले गेले की मतदानच होत नाही, थेट गुलाल.

तलासरीत मनातलं बोलण्याचा मोकळेपणा आणायला कुणा सरचिटणीसाची वाट पाहावी लागली नाही. मे 1945 मध्ये झरीला वारली जमले. वेठ करणार नाही, हे सावकाराच्या तोंडावर सांगायला गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी त्यांना उभं केलं. त्याच वर्षी पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये मागितले गेले. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे साथी गेले. आता, ज्याला सावकारासमोर बोलायला शिकवलं, तो उद्या कॉम्रेडसमोर गप्प बसेल, अशी आशा मॉस्कोवाल्यांनी करावी. इथं सभेत मागच्या रांगेतली बाई उठून विचारते, "मोर्च्याला नेता, पण माझ्या प्लॉटचा कागद कधी?" कॉम्रेड घसा साफ करतात, 2006 च्या वनहक्क कायद्यापासून सुरुवात करतात आणि शेवटी पुढच्या मोर्च्याची तारीख सांगतात. इथल्या पक्षाकडं प्रश्न कुठलाही असो, औषध एकच: मोर्चा. पण बाई विचारते, आणि पुढच्या सभेला पुन्हा येऊन तेच विचारते.

म्हणूनच इथला पक्ष पडतो तोही रीतसर. डहाणूत 2009 च्या विधानसभेला लाल बावट्याचे राजाराम ओझरे आले. 2014 ला ती जागा भाजपच्या पास्कल धनारेंनी घेतली. किल्ला पडल्याचे मथळे तेव्हाही छापून झाले. पाच वर्षं लाल बावट्याचे लोक पुन्हा पाड्यापाड्यांवर फिरले. 2019 ला विनोद निकोले आले, 2024 लाही तेच. पडल्यावर पुन्हा दारात जावं लागतं, ही सवय गोर्बाचेव्हच्या पक्षाला नव्हती. मोकळी हवा त्याला बाधली ती म्हणून. ज्यानं कधी हरून पाहिलं नाही, त्याला पहिलीच हार शेवटची ठरते.

सुधारकानं खरं तर आपला मोर्चा वळवावा तो सध्या गावोगावी बिनविरोध येणाऱ्यांकडं, मग त्यांचा झेंडा कुठल्याही रंगाचा असो. त्यांना सोलोव्यॉवची गोष्ट ऐकवावी. ते हसतील, चहा पाजतील आणि विचारतील, "पण त्या वेड्यानं मतदान होऊच कशाला दिलं?"