वक्री शनी आणि तीनचे बटण

केस्टार्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या खगोल सॉफ्टवेअरमध्ये एक खिडकी आहे. ती उघडली की आपण थेट सूर्यमालेच्या डोक्यावर. मधोमध पिवळा सूर्य, भोवती वर्तुळे, त्यांवर रंगीत ठिपके. वर्तुळे एकमेकांच्या प्रमाणात, ठिपके मात्र भलतेच गुबगुबीत. खऱ्या मापाने काढले असते तर पडदा रिकामाच दिसला असता. नेपच्यून पृथ्वीच्या तीसपट लांब. त्याला चित्रात घ्यायला मागे सरकावे, तर पृथ्वी सूर्याला चिकटून बसते.

शेजारच्या मावशींना या सगळ्यात रस तो शनीपुरता. साडेसाती चालू आहे. "का रे, अजून वक्रीच आहे ना तो?"

या खिडकीचे घड्याळ स्वतंत्र असते. मी ते जोरात पुढे सोडले. गुरूची फेरी जवळजवळ बारा वर्षांची, शनीची साडेएकोणतीस. कोणी थबकत नाही, कोणी मागे वळत नाही. पंचांगात दरवर्षी साधारण साडेचार महिने उलटा चालणारा शनी इथे घाण्याच्या बैलासारखा एकाच दिशेने निघालेला. मावशींना हे मुळीच पटले नाही. शनी इतका सरळमार्गी, मग त्यांच्या पेन्शनची फाइल अडली कुठे?

मी ३ दाबले. शून्य म्हणजे सूर्य, तीन म्हणजे पृथ्वी. ज्याचा आकडा दाबाल तो मधोमध. पृथ्वी जागीच खिळली आणि सूर्यासकट सगळा लवाजमा तिच्याभोवती फिरू लागला. कोपर्निकसने १५४३ साली ग्रंथ छापून जी व्यवस्था मोडीत काढली, ती एका बोटाने पुन्हा उभी राहिली. आतल्या कक्षेतली पृथ्वी शनीला मागे टाकायची वेळ आली, तसा तो पडद्यावर माघारी सरकला.

"बघ! झाला ना वक्री?" मावशी खुलल्या. खरे तर मलाही हीच बाजू जास्त करमणुकीची वाटते. वरून पाहिले की सगळेच शहाण्यासारखे वागताना दिसतात, आणि मग बोलायला काही उरत नाही.

९ म्हणजे प्लूटो. २००६ साली प्रागमध्ये खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून त्याला ग्रहांच्या पंगतीतून उठवले, पण इथे त्याचा आकडा शाबूत आहे. आपल्याकडच्या कित्येक पत्रिकांतही हर्षल-नेपच्यूनशेजारी तो अजून बसतो. १९३० साली सापडल्यापासून बिचाऱ्याची एक फेरीसुद्धा पुरी झालेली नाही. तिला २४८ वर्षे लागतात. सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेत त्याच्याबद्दल एक लोभस कबुलीही आहे: त्याच्या कक्षेचे गणित आजपासून शंभर वर्षांच्या आतच धड चालते, घड्याळ त्यापलीकडे नेले तर प्लूटो फार विचित्र वागू लागेल.

हे मी मावशींना वाचून दाखवले.

"शंभर वर्षांनी ना? मग वागू दे," त्या म्हणाल्या. "माझी साडेसाती त्याच्या आत संपते."