मस्का दे!

खामगावला मामांच्या फ्रिजमध्ये, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीला टेकून, एक फ्रेंच बाटली चार वर्षं आडवी पडून आहे. मामी तिला 'तुमची ती' म्हणतात. फ्रिज उघडला की मामी तिच्याकडे बघत नाहीत आणि मामा दुसरीकडे कुठे बघत नाहीत.

जिनिंगच्या धंद्यातून मोकळे झाल्यावर मामा मुलाकडे फ्रान्समधल्या नांत शहरात तीन महिने राहून आले. तिथून फोनवर म्हणाले, "म्युस्कादे आणून राह्यलो." म्युस्कादे म्हणजे तिथली वाइन. मामींनी ऐकलं 'मस्का', आणि लोण्याचा डबा घासूनपुसून ठेवला. तो राग अजून उतरलेला नाही. येताना दोन लिटरपर्यंत चालतं, मामांनी आणली एकच बाटली, तीही लोकरी बंडीत गुंडाळून. आल्या आल्या परवाना काढला, कारण 1949चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून जिवंत आहे. परवान्याला लॅमिनेशन केलं. थेंब मात्र घेतलेला नाही. नांतला घेतलेल्या दोन घोटांच्या भांडवलावर सगळं चाललंय.

"ही अशीच प्यायची चीज नोहे बाप्पा. हिच्यासंगं खायाचं काय, ते आधी ठरलं पायजे."

ते ठरवण्यात चार वर्षं गेली. आलेल्या पाहुण्याला आधी इतिहास ऐकावा लागतो. 1709 साली फ्रान्समध्ये असा कडाका पडला की वेली जळून गेल्या. मग थंडीत तगणारं बरगंडीकडचं मेलों नावाचं द्राक्ष नांतच्या भागात मूळ धरून बसलं. हे मामा मे महिन्यात, पारा 44वर असताना, बनियनवर सांगतात. पुढे भूगर्भशास्त्र. तिथल्या काही मळ्यांखाली गॅब्रो नावाचा दगड आहे. तो आणि आपला काळा पाषाण एकाच रसाचे. आपला वर येऊन थिजला, तो पोटातच थिजला. "दगड तोच, लेका. त्यायनं द्राक्ष लावली, आपण कापूस!"

वाइन हिवाळाभर यीस्टच्या गाळावरच ठेवतात, म्हणून तिला अंग येतं, हेही त्यांनी एकदा समजावलं. मामी आतून म्हणाल्या, "ताकाचं भांडं म्या एक रात्र तसं ठेवलं, तं घर डोक्यावर घेतलं होतं तुमी."

पण मुख्य अडचण जेवणाची. नांतचे लोक ही वाइन कालवांबरोबर घेतात. खाऱ्या पाण्यातलं काहीतरी हवं. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात खारं सरोवर एकच, उल्केनं झालेलं लोणारचं, आणि त्यात कालवं मिळत नाहीत. मामा हे असं सांगतात, जणू तो उल्कापात त्यांच्या बाटलीवरच झाला.

मग शाकाहारी चाचण्या सुरू झाल्या, अर्थात बाटली न उघडता. ठेचा बाद: तिखटावर दारू आणखी भाजते. (तरी म्युस्कादेत अल्कोहोल बाराच्या आसपास, म्हणून ती त्यातल्या त्यात सोसते, एवढी सूट मामा देतात.) पाटवडीचा रस्सा बाद: मसाल्यापुढे ही बिचारी पाण्यासारखी लागेल. वांग्याच्या भरताची फाइल प्रलंबित आहे.

एका संध्याकाळी मात्र मामा माझ्या ताटाकडे बघत थबकले. मी शेगावहून कचोऱ्या आणल्या होत्या. त्यांनी एक फोडली. पापुद्रा कुरकुरला, बोटांना तेल लागलं, मूगडाळीचा वास सुटला. "हेच!" ते हळूच म्हणाले. "तळलेलं, खुसखुशीत. वाइनचा आंबटपणा तेल कापते. भज्यासंगं लिंबू पिळतो ना आपण, तसं." एवढं खरं बोलणं मी त्यांच्या तोंडून त्या विषयावर पहिल्यांदाच ऐकलं. ते उठले, बाटली काढली, तिच्यावर दव जमलं होतं ते धोतराच्या सोग्यानं पुसलं.

मामी दारात उभ्या. "महाराजांच्या गावची कचोरी, अन् तिच्यासंगं दारू? खबरदार सांगते!"

बाटली लोणच्याशेजारी परत गेली. साधी म्युस्कादे ताजी असताना, वर्षा-दोन वर्षांत प्यायची असते, हे मला मामांनीच सांगितलं होतं. त्याला तीन वर्षं झाली.